कानांनी केलेला अभ्यास

राहुरीच्या शाळेत पहिल्या बाकावर बसूनही मला फळा दिसत नसे. खडूचे पांढरे फराटे तेवढे दिसत, अक्षर नाही. शेजारच्या मुलाला विचारायची लाज वाटे. मग मी वहीत नुसत्या रेघोट्या ओढत बसे, गुरुजींना वाटावे की पोरगा लिहितो आहे.

घरी मात्र ऐकायला भरपूर मिळे. संतचरित्रे लिहिणारे महिपती आमच्याच तालुक्यातल्या ताहराबादचे. त्यामुळे चातुर्मासात वडील ‘भक्तविजय’ मोठ्याने वाचत. हातपाय नसलेला कूर्मदास पंढरीला निघाला की मी पुढे सरकून बसे. पण त्याला भेटायला साक्षात विठ्ठल आला. मला तर दुसऱ्या दिवशी गणिताचा तास होता!

पुढे कृषी विद्यापीठात नोकरीला आलेले अमरावतीकडचे एक कुटुंब आमच्या शेजारी राहायला आले. त्यांच्या आजींना माझी रड कळली होती. त्यांनी एका संध्याकाळी मला ओट्यावर बसवून गुलाबराव महाराजांची हकीकत सांगितली. विदर्भात घरोघर ठाऊक असलेले हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

६ जुलै १८८१ रोजी लोणी टाकळीला, आजोळी, त्यांचा जन्म झाला. वडील गोंदुजी मोहोड हे अमरावती जिल्ह्यातल्याच माधानचे शेतकरी. बाळ नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेली. डोळ्यांत घातलेले औषध बाधले, असे सांगतात. चार वर्षांचे होतात तोच आई अलोकाबाई गेल्या आणि मुलगा पुन्हा आजीच्या पदराखाली आला. देशातली अंधांसाठीची पहिली शाळा १८८७ मध्ये उघडली, पण ती पार अमृतसरला! ब्रेल लिपी फ्रान्समध्ये जन्मून साठ वर्षे झाली होती, तरी माधानच्या शिवारात तिचे नाव कोणी ऐकले असणार? वऱ्हाडातल्या कुणब्याच्या आंधळ्या पोराने फार तर भजनात टाळ धरावा, एवढीच त्या काळची अपेक्षा.

या मुलाने दुसराच मार्ग धरला. ज्याला वाचता येते त्याच्याकडून तो वाचून घेऊ लागला. वेद, उपनिषदे, शांकरभाष्य, ज्ञानेश्वरी, सारे कानांनी. एकदा ऐकलेले विसरत नसत असे त्यांचे चरित्रकार लिहितात. ती देणगी असेलही; पण मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची मागण्याची हिंमत. आपल्याला दिसत नाही आणि आपल्याला शिकायचे आहे, या दोन्ही गोष्टी त्यांनी सरळ मान्य केल्या. मला नेमके तेच जमत नव्हते.

१८९६ साली मनकर्णिकाबाईंशी त्यांचे लग्न झाले. १९०१ मध्ये ज्ञानेश्वर माउलींनी आपल्याला कृपामंत्र दिला अशी त्यांची श्रद्धा होती. तेव्हापासून ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवू लागले. कृष्णाला पती मानून कुंकू, मंगळसूत्रही वापरत. मधुराद्वैत नावाचे दर्शन त्यांनी मांडले, डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचेही खंडन केले. ते कितपत टिकणारे हे विद्वानांनी पाहावे. मी विचारात पडतो तो वेगळ्याच गोष्टीने: वऱ्हाडातल्या खेड्यातला, डोळ्यांनी न दिसणारा तरुण इंग्लंडातल्या पंडितांशी वाद घालायला बसतो, म्हणजे त्याने कितीजणांना किती रात्री जागवले असेल!

ऐकायचे तसेच सांगून लिहवून घ्यायचे. शंभराहून अधिक ग्रंथ आणि प्रकरणे झाली, त्यांत संस्कृतही आहे आणि खेड्यातल्या बायकांना सहज म्हणता यावीत अशी गाणीही. लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटले. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात ते गेले, तेव्हा वय होते अवघे चौतीस.

आजींची गोष्ट ऐकल्यावर आठवडाभर मी काहीच केले नाही. मग एका दुपारी शेजारच्या बाकावरच्या मुलाला म्हटले, फळा वाचून दाखव. तो वाचू लागला. पुढे कळले, त्याचे गणित माझ्यापेक्षा कच्चे होते. आकडे तो वाचायचा, सोडवायचो मी.

आता ‘संप्रदायसुरतरु’ लावला आहे. शेजारची आठवीतली मुलगी संध्याकाळी तासभर वाचून दाखवते. लांबलचक समास आला की अडखळते, मग आम्ही दोघे तो मिळून सोडवतो. काल दोनच पाने झाली.