विश्लेषण : राष्ट्रीय संघासाठी सर्वोत्तम बारा खेळाडू निवडणे इतके अवघड का? ऑलिम्पिक बास्केटबॉलमधील हेन्री आयबांची कहाणी काय सांगते?

क्रिकेटचा भारतीय संघ जाहीर झाला की आपल्याकडे पहिली चर्चा होते ती कोणाला वगळले याची. अमेरिकेत हीच चर्चा बास्केटबॉलच्या ऑलिम्पिक संघावरून होते. गंमत म्हणजे, ज्या देशात हा खेळ जन्मला आणि जिथे खेळाडूंची कधीच वानवा नव्हती, त्या देशालाही बारा जणांचा संघ बांधताना नाकी नऊ आले. हे सर्वांत जवळून अनुभवले ते प्रशिक्षक हेन्री आयबा यांनी. १९६४, १९६८ आणि १९७२ अशा सलग तीन ऑलिम्पिकमध्ये त्यांनी अमेरिकेच्या संघाला मार्गदर्शन केले. पहिल्या दोन वेळा सुवर्णपदक मिळाले. तिसऱ्या वेळी अमेरिका ऑलिम्पिक बास्केटबॉलमध्ये पहिल्यांदाच हरली. त्यांच्या कारकीर्दीतून निवडीचे गणित समजून घेऊया.

हेन्री आयबा कोण होते?

हेन्री पेन आयबा यांचा जन्म ६ ऑगस्ट १९०४ रोजी मिसुरी राज्यातील ईस्टन या छोट्या गावात झाला. आधी शाळेत आणि मग महाविद्यालयांत प्रशिक्षक म्हणून काम केल्यावर १९३४ मध्ये ते ओक्लाहोमा राज्यातील स्टिलवॉटर येथील कृषी महाविद्यालयात रुजू झाले. पुढे हीच संस्था ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठ झाली. तिथे ते १९७० पर्यंत, म्हणजे ३६ हंगाम राहिले. १९४५ आणि १९४६ मध्ये त्यांच्या संघाने राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद पटकावले. लागोपाठ दोनदा हा मान मिळवणारा तो पहिला संघ होता. खेळाडू त्यांना मिस्टर आयबा म्हणूनच हाक मारत.

त्यांची पद्धत ठरलेली होती. बचाव आधी, आक्रमण नंतर. प्रत्येक खेळाडूने प्रतिस्पर्ध्याला चिकटून राहायचे आणि गरज पडली की शेजारच्या सहकाऱ्याच्या मदतीला सरकायचे. चेंडू हातात आला की घाई नाही. पास देत राहायचे आणि खात्रीची संधी मिळाली तरच बास्केटकडे फेकायचे. त्यामुळे त्यांचे सामने कमी गुणांचे होत. १९४६ ची अंतिम लढत त्यांनी ४३-४० अशी जिंकली होती.

‘हौशी’ खेळाडू म्हणजे नेमके कोण?

आयबांच्या काळातील निवडीची खरी अडचण या एका शब्दात होती. त्या वेळी ऑलिम्पिकमध्ये फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश होता. व्यावसायिक करार केला की ऑलिम्पिकचे दार बंद. म्हणजे अमेरिकेचे सर्वोत्तम बास्केटबॉलपटू ज्या एनबीए लीगमध्ये खेळत, तिथल्या एकाचाही विचार करता येत नसे.

मग उरत कोण? महाविद्यालयीन विद्यार्थी, सैन्यदलातील खेळाडू आणि मोठ्या कंपन्यांच्या संघांतून खेळणारे कर्मचारी. आपल्याकडे रेल्वे, पोलीस किंवा बँका खेळाडूंना नोकरी देतात, तसाच हा प्रकार. आयबांचा सर्वांत गाजलेला शिष्य बॉब कर्लंड याचे उदाहरण घ्या. सात फूट उंचीचा कर्लंड बास्केटच्या दिशेने खाली येणारा चेंडू वरच्या वर अडवत असे. त्याच्यासारख्या उंच खेळाडूंमुळे महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये १९४४ मध्ये अशा अडवणुकीवर बंदी घालण्यात आली. शिक्षण संपल्यावर तो व्यावसायिक लीगकडे न जाता फिलिप्स या तेल कंपनीत नोकरीला लागला आणि तिच्या संघातून खेळला. हौशी राहिल्यामुळेच त्याला १९४८ आणि १९५२ अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळाली.

संघ कोण निवडत असे?

प्रशिक्षकाला हवे ते बारा खेळाडू मागता येत नसत. सुरुवातीच्या काळात निवड चाचणी म्हणजे चक्क संघांची स्पर्धा असे. १९३६ मध्ये बास्केटबॉल ऑलिम्पिकमध्ये आला तेव्हा युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीचा संघ चाचणी स्पर्धा जिंकला आणि त्या संघातील खेळाडूंचा मोठा गट बर्लिनला गेला. १९४८ मध्ये केंटकी विद्यापीठाचे पाच आणि फिलिप्स कंपनीचे पाच खेळाडू एकत्र करून त्यात आणखी चौघांची भर घालण्यात आली.

आयबांच्या काळापर्यंत चाचण्यांमध्ये महाविद्यालये, कंपन्या आणि सैन्यदल यांचे वेगवेगळे संघ उतरत. सामने पाहून अंतिम नावे समिती ठरवत असे. या समितीवर बसणाऱ्यांत वेगवेगळ्या क्रीडा संघटनांचे प्रतिनिधी असत आणि प्रत्येकाला आपले खेळाडू संघात हवे असत. प्रशिक्षकाच्या हातात तयार यादी येई आणि काही आठवड्यांत त्या यादीचा संघ करण्याची जबाबदारी त्याच्यावर पडे.

१९६४ मध्ये काय जमून आले?

टोकियोच्या संघात प्रिन्स्टन विद्यापीठाचा बिल ब्रॅडली होता, जो पुढे अमेरिकेचा सिनेटर झाला. फिलिप्स कंपनीचा जेरी शिप होता. गुडइयर टायर कंपनीच्या संघातून आलेला, जेमतेम पावणेसहा फुटांचा लॅरी ब्राऊन होता. विद्यार्थी आणि नोकरदार यांचे हे मिश्रण होते. आयबांची शिस्तीची पद्धत त्यांच्या अंगवळणी पडली. अमेरिकेने नऊच्या नऊ सामने जिंकले आणि अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाला ७३-५९ असे हरवले. या लॅरी ब्राऊनचे नाव लक्षात ठेवा, कारण तो या कहाणीत पुन्हा येणार आहे.

१९६८ मध्ये सर्वांत मोठा खेळाडू का आला नाही?

कारण त्याने नकार दिला. लू अल्सिंडर, म्हणजेच पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने ओळखला गेलेला खेळाडू, तेव्हा महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील सर्वांत मोठे नाव होते. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या हक्कांची चळवळ टिपेला पोहोचली होती. समाजशास्त्रज्ञ हॅरी एडवर्ड्स यांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकण्याचे आवाहन केले होते. अल्सिंडर चाचणीलाच गेला नाही. त्या उन्हाळ्यात तो न्यूयॉर्कमधील वस्त्यांतील मुलांसोबत काम करत होता. एल्विन हेजने व्यावसायिक करार केला. वेस अनसेल्डही संघात नव्हता.

ही जागा भरून काढली ती एका अनोळखी मुलाने. स्पेन्सर हेवूड १९ वर्षांचा होता आणि कोलोरॅडोतील एका छोट्या ज्युनिअर कॉलेजमध्ये शिकत होता. मेक्सिको सिटीत त्याने संघातर्फे सर्वाधिक गुण मिळवले. अंतिम सामन्यात अमेरिकेने युगोस्लाव्हियाला ६५-५० असे हरवले.

सर्वाधिक गुण मिळवूनही मॅराविच बाहेर कसा?

त्या हंगामात पीट मॅराविचने महाविद्यालयीन सामन्यांत सरासरी ४३.८ गुण मिळवले होते, तर कॅल्व्हिन मर्फीने ३८.२. दोघेही अल्बुकर्कीच्या निवड चाचणीत खेळले आणि दोघांनाही वगळण्यात आले. पुढे या दोघांनी व्यावसायिक लीग गाजवली. मग निवड चुकली का?

यादी करताना फक्त सरासरीचा रकाना पाहिला, तर हो. पण पाच जणांच्या हातात एकच चेंडू असतो. मॅराविचची सरासरी त्याच्या हातात चेंडू सतत राहिल्यामुळे उभी राहिली होती. आयबांच्या पद्धतीत कोणाच्याही हातात चेंडू फार वेळ राहत नसे. त्यांना हवे होते ते बचावात दमणारे आणि पास देणारे खेळाडू. म्हणूनच सैन्यदलातील मायकेल सिलिमनसारखा खेळाडू त्या संघाचा कर्णधार होता. सुवर्णपदक मिळाले आणि वाद मागे पडला. पण एक गोष्ट झाकली गेली. खेळाडू पद्धतीनुसार निवडायचे, तर ती पद्धत पुढच्या वेळी मिळणाऱ्या खेळाडूंनाही मानवेल याची हमी नसते.

१९७२ मध्ये काय बदलले होते?

जवळपास सर्व काही. आयबा निवृत्त झाले होते आणि ६८ वर्षांचे होते, तरीही सूत्रे त्यांच्याकडेच देण्यात आली. व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये आता दोन लीग होत्या आणि दोन्हींना तरुण खेळाडू हवे होते. महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण होण्याआधी एनबीएत खेळता यावे यासाठी एका खेळाडूने सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला होता आणि १९७१ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला होता. तो खेळाडू होता स्पेन्सर हेवूड. आयबांना १९६८ मध्ये तारणाऱ्या मुलानेच ऑलिम्पिकसाठी उपलब्ध खेळाडूंचा साठा आटण्याची वाट मोकळी केली होती.

त्या वर्षीचा सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू बिल वॉल्टन याने संघात येण्यास नकार दिला. त्याचा सहकारी स्वेन नेटर हवाईतील पर्ल हार्बरच्या सराव शिबिरातून मध्येच निघून गेला. शेवटी उभा राहिला तो विशीच्या आसपासच्या मुलांचा संघ. त्यातील एकानेही आधी ऑलिम्पिक पाहिले नव्हते.

समोर काय होते? सोव्हिएत संघात गेन्नादी वोल्नोव चौथे ऑलिम्पिक खेळत होता. सर्गेई बेलोव आणि मोदेस्तास पाउलाउस्कास यांचे हे दुसरे ऑलिम्पिक होते. कागदोपत्री हे खेळाडूही हौशीच होते, कारण नोंदीत ते सैनिक किंवा विद्यार्थी असत. प्रत्यक्षात ते वर्षभर बास्केटबॉलच खेळत आणि अनेक वर्षे एकत्र खेळत आले होते. नियम दोन्ही देशांना एकच होता, पण त्याची किंमत एकालाच मोजावी लागत होती.

म्युनिकमध्ये नेमके काय घडले?

९ सप्टेंबर १९७२ च्या रात्री पावणेबाराला अंतिम सामना सुरू झाला. मध्यंतराला सोव्हिएत संघ २६-२१ असा पुढे होता आणि उत्तरार्धात ही आघाडी दहा गुणांवर गेली. चपळ, धावऱ्या मुलांचा संघ आयबांच्या संथ पद्धतीने खेळत होता. अखेरच्या टप्प्यात खेळाडूंनी वेग वाढवला आणि आघाडी वितळू लागली. तीन सेकंद बाकी असताना डग कॉलिन्सने दोन फ्री थ्रो टाकले आणि अमेरिका ५०-४९ अशी पुढे गेली.

त्यानंतरचे तीन सेकंद तीनदा खेळवले गेले. पहिल्यांदा खेळ मध्येच थांबला. जागतिक संघटनेचे सरचिटणीस विल्यम जोन्स यांनी घड्याळ पुन्हा तीन सेकंदांवर नेण्यास सांगितले, वास्तविक चालू सामन्यात असा हस्तक्षेप करण्याचा त्यांना अधिकार नव्हता. दुसऱ्यांदा घड्याळ नीट लावले जाण्याआधीच हॉर्न वाजला. तिसऱ्यांदा इव्हान एदेश्कोने मैदानाच्या एका टोकाकडून फेकलेला चेंडू अलेक्झांडर बेलोवने झेलला आणि बास्केटमध्ये टाकला. ५१-५०. अमेरिकेची तक्रार पाच सदस्यांच्या समितीने तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळली. त्या गोंधळात आयबांचे पाकीटही मारले गेले.

अमेरिकेच्या खेळाडूंनी रौप्यपदके स्वीकारली नाहीत. कर्णधार केनी डेव्हिसने तर आपल्या वारसांनीही ते पदक घेऊ नये, असे मृत्युपत्रात लिहून ठेवले.

मग पराभवाला जबाबदार कोण?

त्या तीन सेकंदांत अमेरिकेवर अन्याय झाला, हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. पण सामना ४० मिनिटांचा होता. उरलेल्या ३९ मिनिटे ५७ सेकंदांत आधी ऑलिम्पिकमध्ये कधीही न हरलेला देश बहुतांश वेळ मागे होता. त्याचे उत्तर घड्याळात सापडत नाही. ते नियमाने बाहेर ठेवलेल्या, नकार दिलेल्या आणि शिबिरातून निघून गेलेल्या खेळाडूंच्या यादीत सापडते. आणि थोडे आयबांकडेही जाते. हाती आलेल्या खेळाडूंनुसार पद्धत बदलण्याऐवजी त्यांनी खेळाडूंना जुन्या पद्धतीत बसवले, ही टीका त्यांच्यावर आयुष्यभर होत राहिली.

नियम बदलल्यावर प्रश्न सुटला का?

एप्रिल १९८९ मध्ये जागतिक संघटनेने एनबीएच्या खेळाडूंना ऑलिम्पिकची दारे उघडली. हे मतदान झाले तेही म्युनिकमध्येच. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये मायकेल जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, लॅरी बर्ड यांचा ड्रीम टीम म्हणून गाजलेला संघ एकतर्फी जिंकला. आयबांनी हे पाहिले. काही महिन्यांनी, १५ जानेवारी १९९३ रोजी स्टिलवॉटर येथे वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पण गोष्ट तिथे संपली नाही. २००४ मध्ये अथेन्सला अनेक बड्या खेळाडूंनी जाण्यास नकार दिला. घाईने जुळवलेला अमेरिकेचा संघ तीन सामने हरला आणि कांस्यपदक घेऊन परतला. त्या संघाचे प्रशिक्षक होते लॅरी ब्राऊन. होय, तोच १९६४ चा, आयबांच्या हाताखाली सुवर्णपदक जिंकलेला लॅरी ब्राऊन. आता तर देशातील कोणताही खेळाडू बोलावण्याची मुभा होती, तरीही अडचण तीच राहिली. नावे होती, संघ नव्हता.

त्यानंतर अमेरिकेने पद्धतच बदलली. २००५ मध्ये निवडीचे अधिकार समितीकडून काढून जेरी कोलँजेलो या एकाच व्यक्तीकडे देण्यात आले. खेळाडूंकडून एका उन्हाळ्याऐवजी तीन वर्षांची बांधिलकी मागण्यात आली, म्हणजे संघ एकत्र खेळत मुरेल. २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक परत आले. सोव्हिएत संघाने १९७२ मध्ये ज्या एका गोष्टीवर बाजी मारली होती, ती एकत्र खेळण्याची वर्षे अमेरिकेने अखेर आपल्या यादीत आणली. ती आयबांना कधीच मिळाली नव्हती.