ना ब्रेक, ना इंजिन, ना सोबती : एकट्याने होडी धक्क्याला लावणाऱ्या स्लोकमची गोष्ट

चिंचोळ्या गल्लीत गाडी लावायची असली की मागे उभं राहून 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणणारा एक जण लागतोच. आता समजा, गाडीला ब्रेक नाही, इंजिन नाही, वारा ढकलतोय आणि सांगणारंही कोणी नाही.

शिडाची होडी एकट्याने धक्क्याला लावणं म्हणजे नेमकं हेच.

२४ एप्रिल १८९५ ला ही वेळ जोशुआ स्लोकमवर आली. पुढे होडीतून एकट्याने जगप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस ठरला, तोच हा स्लोकम.

कोण होता स्लोकम?

जन्म १८४४ चा, कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाचा. पोराने खपून बनवलेलं जहाजाचं मॉडेल वडिलांनी रागाने फोडलं. चौदाव्या वर्षी पोरगं घरातून पळालं आणि मासेमारीच्या जहाजावर स्वयंपाकाला लागलं. पुढे मोठ्या जहाजांचा कॅप्टन झालं.

पण १८८४ ला बायको व्हर्जिनिया गेली. १८८७ ला ब्राझीलच्या किनाऱ्यावर स्वतःचं जहाज गेलं. त्यात वाफेच्या जहाजांचा जमाना आलेला. शिडाच्या कॅप्टनला विचारतो कोण?

१८९२ ला ओळखीच्या एका कॅप्टनने त्याला एक होडी देऊ केली. शेतात पडलेली, मोडकळीला आलेली 'स्प्रे'. स्लोकमने १३ महिने राबून ती नव्याने बांधली. लांबी जेमतेम ३७ फूट.

पहिल्याच दिवशी परीक्षा

बोस्टनहून निघून तो त्याच दिवशी ग्लॉस्टरला पोहोचला. वारा जोराचा, होडी सुसाट. एवढी होडी एकट्याने धक्क्याला लावायची त्याची ही पहिलीच वेळ. आता ही आदळणार, असं वाटून म्हातारे कोळी धक्क्यावर धावत आले.

इथे खरी अडचण समजून घ्या. सुकाणू मागे असतं, तर पुढचं शीड आणि दोर पुढे. माणूस एक, कामं तीन.

स्लोकमने योग्य क्षणी सुकाणू सोडलं, पुढे धावला आणि पुढचं शीड खाली ओढलं. त्या शिडाचा जोर जाताच होडीचं नाक आपोआप वाऱ्याकडे वळलं. नाक वाऱ्याकडे गेलं की शिडात वारा भरत नाही आणि वेग मरतो. तोच तिचा ब्रेक. होडी अलगद खुंटाला टेकली. त्याने सावकाश दोर गुंडाळला.

लोकांनी जल्लोष केला. स्लोकम मात्र गप्प राहिला. बोलला असता तर लागलेली धाप आणि पोटातली भीती लोकांना कळली असती.

पुढे काय झालं?

तीन वर्षांनी, २७ जून १८९८ ला तो अमेरिकेतल्याच न्यूपोर्टला परतला. प्रवास ४६ हजार मैल. जळगाव ते धुळे साधारण ९५ किलोमीटर धरलं, तर ही वाट पावणेआठशे वेळा तुडवल्यासारखं. आणि एवढं करून या माणसाला पोहता येत नव्हतं!

आपल्याकडे हा पराक्रम करायला २०१० उजाडलं. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने जगप्रदक्षिणा करून मुंबईत परतले.

स्लोकमचा शेवट मात्र समुद्रातच झाला. १९०९ च्या सुमारास तो पुन्हा 'स्प्रे' घेऊन एकटाच निघाला. यावेळी ती कुठल्याच धक्क्याला लागली नाही.