बाळंतपणात चढवलेल्या रक्तातून एचआयव्ही आला, मग एलिझाबेथ ग्लेझर लहान मुलांच्या औषधासाठी भांडत राहिल्या

१९८१ साली लॉस एंजेलिसमध्ये एलिझाबेथ ग्लेझर बाळंत झाल्या. रक्तस्राव खूप झाला म्हणून रक्त चढवावं लागलं. त्यात एचआयव्ही होता. पण तेव्हा या विषाणूला नावही नव्हतं, रक्ताची टेस्ट तर दूरच.

मुलीला, एरियलला, त्यांनी अंगावर पाजलं आणि दुधातून तिला लागण झाली. १९८४ मध्ये जेक झाला, त्याला पोटातच. हे सगळं कळलं एरियल आजारी पडल्यावर. नवरा पॉल, म्हणजे ‘स्टार्स्की अँड हच’मधला स्टार्स्की, तेवढा निगेटिव्ह निघाला.

१९८७ मध्ये एझेडटी हे औषध अमेरिकेत मंजूर झालं, पण फक्त मोठ्यांसाठी! १९८८ मध्ये एरियल गेली, सात वर्षांची. त्याच वर्षी एलिझाबेथ यांनी दोन मैत्रिणींसोबत पीडियाट्रिक एड्स फाउंडेशन काढलं. वॉशिंग्टनच्या नेत्यांना त्या भेटत राहिल्या, लहान मुलांवरच्या संशोधनाला पैसे मागत राहिल्या. १९९२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात भाषणही केलं.

आता १९९४ चं बघा. अमेरिका आणि फ्रान्समधल्या ट्रायलचा निकाल आला. गरोदर आईला एझेडटीच्या गोळ्या, प्रसूतीच्या वेळी तेच औषध शिरेतून आणि बाळाला सहा आठवडे सिरप. औषधाशिवाय शंभरातल्या साधारण २५ बाळांना लागण व्हायची, ती ८ वर आली. (या आयांना अंगावर पाजू दिलं नव्हतं.)

३ डिसेंबर १९९४ ला एलिझाबेथ वारल्या, ४७ व्या वर्षी. जेक वाचला. मोठा झाल्यावर तो आईच्या संस्थेसाठी बोलू लागला.