मामाची मुलगी आणि इरावतीबाई

मे महिन्याच्या सुट्टीत तीर्थपुरीला गेलो, तर घरात चुलतभावाच्या लग्नाची बोलणी चाललेली. मुलगी त्याच्या सख्ख्या मामाची. आमच्या जालन्याकडे याचं कुणाला नवल वाटत नाही. मला मात्र बारावीच्या बायोलॉजीतला हार्डी-वाईनबर्गचा नियम आठवला. समाज मोठा असेल, लग्नं कुणाचीही कुणाशी होत असतील आणि बाकी ढवळाढवळ नसेल, तर जनुकरूपांचं प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेच राहतं. पण आपल्याकडे लग्नं अशी होतात कुठे?

हाच धागा आयुष्यभर धरून बसलेली बाई म्हणजे इरावती कर्वे. होय, ‘युगान्त’वाल्याच. जन्म १९०५, ब्रह्मदेशात. इरावती नदीवरून नाव. वडील इंजिनिअर (नोंद घ्यावी!). शिक्षण पुण्यात, मग बर्लिनला. तिथे गाईड होते ऑयगेन फिशर, ज्यांच्या वंशविचारांचा पुढे नाझींना आधार झाला. गोऱ्यांची कवटी इतरांपेक्षा जास्त असमान असते, अशी त्यांची कल्पना होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा काही फरक सापडत नाही, हे प्रबंधात सरळ लिहून टाकलं. परक्या देशात, गाईडच्या विरोधात! आम्ही व्हायवाला एक्स्टर्नलपुढे मान हलवतो.

१९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात. पुण्यात स्कूटर चालवायच्या, गावोगाव फिरून माणसांची मापं घ्यायच्या. १९६८ साली त्यांनी आणि कैलाशचंद्र मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण जातींची शरीरमापं, रक्तगट वगैरे ताडून पाहिले. दर्जा एकच, तरी गट वेगवेगळे निघाले. एका जातीचे तुकडे पडून पोटजाती झाल्या, हे त्यांचे आधीचे गुरू घुर्ये यांचं मत. बाईंना ते पटलं नाही. म्हणजे दुसऱ्या गुरूंशीही मतभेद.

आता हिशेब करा. एका जातीत जनुकरूपाचं प्रमाण ०.२, दुसरीत ०.८. दोन्हीकडे मिश्र जोडीची माणसं ३२ टक्के. दोन्ही सारख्या संख्येने एकत्र धरल्या तर सरासरी ०.५, नियमाने मिश्र ५० टक्के हवीत. मिळतात ३२च. गाव एक दिसतं, पण लग्नाच्या हिशेबात ते एक नसतं.

बाई १९७० साली गेल्या.

बैठकीत मी धीर करून सांगितलं, की मामाच्या मुलीशी लग्न झालं तर मुलात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता सोळात एक. काका गप्प झाले. आजीने पंधरा तर आपल्या बाजूने आहेत ना, असं विचारून मला चहा आणायला पिटाळलं. तारीख अजून ठरायची आहे.