बोटीला इंजिन जोडणारे ओले एविनरूड. आणि आजचा सवाल, पंखा ॲल्युमिनियमचा की स्टीलचा?

अहिल्यानगर : भंडारदऱ्याला पर्यटकांना फिरवणारी बोट असो, की पुराच्या वेळी गोदाकाठच्या गावात येणारी बचाव पथकाची बोट, तिच्या मागे टांगलेलं इंजिन आपण पाहिलेलं असतं. हे आऊटबोर्ड इंजिन साध्या माणसाच्या हातात पोहोचवलं ते ओले एविनरूड यांनी.

एविनरूड यांचा जन्म 19 एप्रिल 1877 चा, नॉर्वे देशातला. ते पाच वर्षांचे असताना कुटुंब अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात आलं आणि तळ्याकाठी शेती करू लागलं. शाळा फारशी झाली नाही, पण यंत्राचं वेड भारी. सोळाव्या वर्षी घर सोडून ते शेती अवजारांच्या कारखान्यात कामाला लागले. रात्री पुस्तकं वाचून इंजिनाचं शिक्षण स्वतःच घेतलं.

पुढची गोष्ट प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात तळ्याकाठी सहलीला गेले असताना बेस यांना आईस्क्रीम खावंसं वाटलं. एविनरूड वल्ही मारत पलीकडे गेले. परत येईपर्यंत आईस्क्रीमचं पाणी झालं. तिथूनच बोटीला इंजिन लावायची कल्पना सुचली, असं सांगतात. याच बेस पुढे त्यांच्या पत्नी झाल्या.

असे प्रयत्न आधीही झाले होते, पण बाजारात खऱ्या अर्थाने चाललं ते एविनरूड यांचं इंजिन. 1909 मध्ये विक्री सुरू झाली. ताकद दीड हॉर्सपॉवर, वजन सुमारे 28 किलो. पोलाद आणि पितळेचा जड ऐवज! पत्रव्यवहार आणि जाहिराती बेस सांभाळायच्या. पुढे त्यांची तब्येत ढासळली. तेव्हा 1914 मध्ये एविनरूड यांनी आपला हिस्सा भागीदाराला विकला आणि पाच वर्षं या धंद्यात न उतरण्याचा करार केला.

या काळात त्यांनी नवं इंजिन आखलं. जिथे जमेल तिथे ॲल्युमिनियम वापरलं. वजन 22 किलोच्या आसपास आलं, ताकद मात्र दुप्पट, तीन हॉर्सपॉवर. जुन्या भागीदाराने ते नाकारलं. मग 1920 मध्ये दोघा नवरा-बायकोंनी 'एल्टो' नावाची स्वतःची कंपनी काढली. एकट्या माणसाला उचलून नेता येणारं इंजिन लोकांना आवडलं. 1929 मध्ये जुनी एविनरूड कंपनीही एल्टोसोबत एकत्र आली आणि ओले अध्यक्ष झाले. 1933 मध्ये बेस गेल्या, 12 जुलै 1934 रोजी ओलेही गेले.

आपल्या पाण्यात कोणता पंखा?

काम बघून धातू निवडायचा, हाच हिशेब आज पंखा घेताना लागतो.

ॲल्युमिनियमचा पंखा स्वस्त. दगडाला लागला तर पातं वाकतं किंवा तुटतं, पण धक्का बराचसा तिथेच जिरतो. किरकोळ वाकलेलं पातं कारागीर सरळही करून देतो. स्टेनलेस स्टीलचा पंखा कितीतरी महाग, पण मजबूत. पाती पातळ असूनही जोरात वाकत नाहीत, त्यामुळे वेग आणि पकड चांगली मिळते. मात्र मोठ्या दगडावर जोरात आदळला तर पंखा टिकतो आणि मार शाफ्ट-गिअरपर्यंत जाऊ शकतो. तो खर्च पंख्यापेक्षा मोठा.

नाथसागर, मुळा धरण किंवा कर्जत भागातलं उजनीचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की खडक, झाडांची खोडं, जुन्या भिंती वर येतात. अशा पाण्यात लहान इंजिनाला ॲल्युमिनियमचा पंखा आणि बोटीत एक जादा पंखा, पाना ठेवणं परवडतं. खोल पाणी, मोठं इंजिन, रोजचा जड भार असेल तर स्टीलचा विचार करावा.

घेताना पंख्यावर कोरलेले व्यास आणि पिचचे आकडे इंजिनाच्या पुस्तकाशी जुळवून पाहा. आकडा चुकला तर धातू कोणताही असो, इंजिनावर ताण येतो. आणि उथळ पाण्यात शिरण्याआधी इंजिन बंद करून वर उचला, वल्ही हातात घ्या.