डावी कोरोनरी धमनीच नव्हती, तरी ‘पिस्टल पीट’ दहा सिझन एनबीए खेळला

५ जानेवारी १९८८. कॅलिफोर्नियातल्या पासाडेना शहरात एका चर्चच्या जिममध्ये काही मंडळी हौसेने बास्केटबॉल खेळत होती. त्यातला एकजण अचानक कोसळला आणि गेला. वय फक्त ४०. नाव पीट मॅराविच. अमेरिकेतल्या बास्केटबॉलवेड्यांना हे नाव वेगळं सांगावं लागत नाही.

पीटचा जन्म १९४७ चा, पेनसिल्व्हेनियातला. वडील प्रेस मॅराविच कोच होते, त्यामुळे पोराच्या हातात लहानपणीच बॉल आला. कमरेपासून, पिस्तूल झाडावं तसा तो बॉल फेकायचा, म्हणून नाव पडलं ‘पिस्टल पीट’. लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत तो वडिलांच्याच हाताखाली खेळला. तीन सिझन, ८३ मॅच, ३,६६७ पॉइंट. म्हणजे मॅचमागे सरासरी ४४.२! बरं, तेव्हा तीन पॉइंटची लाइनही नव्हती. लांबून बास्केट केली तरी दोनच मिळायचे.

मग १९७० ते १९८० एनबीए. १९७७ मध्ये न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एकाच मॅचमध्ये ६८ पॉइंट काढले. पुढे गुडघा दुखावला आणि करिअर उतरणीला लागलं. हृदयाने मात्र कधी कुणाला शंका येऊ दिली नाही. १९८७ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला, त्याच वर्षी वडील वारले.

पीटच्या पोस्टमॉर्टेममध्ये कळलं की त्याला डावी कोरोनरी धमनी जन्मापासूनच नव्हती.

आता हे समजून घेऊ. हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूंनाही रक्त लागतंच. ते दोन कोरोनरी धमन्या आणतात, डावी आणि उजवी. शरीरभर रक्त ढकलणारा डावा कप्पा मुख्यतः डावीच्या जिवावर चालतो. पीटची उजवी धमनी मोठी होऊन दोघींचं काम ओढत होती. धावताना हृदयाची रक्ताची गरज कितीतरी वाढते. ती पुरी झाली नाही तर ठोक्यांची लय बिघडून माणूस जागच्या जागी जाऊ शकतो.

मग इतकी वर्षं कळलं कसं नाही? हा दोष स्टेथोस्कोपने कळत नाही आणि पडून काढलेला ईसीजीही नॉर्मल येऊ शकतो. धमन्या नीट दिसतात त्या अँजिओग्राफीत. धडधाकट खेळाडूची अँजिओग्राफी तेव्हा कोण करणार? आज सीटी स्कॅनमध्ये त्यांची रचना दिसते, पण तपासणी सांगायला डॉक्टरला आधी संशय यावा लागतो. खेळताना छातीत दुखणं किंवा चक्कर येऊन पडणं, हीच काय ती खूण. काहींमध्ये तीही नसते.