चार्ज होते, पण टिकत नाही: एडिसनची बॅटरी आणि माझी वॉरंटी

माझी चार वर्षं जुनी इलेक्ट्रिक कार बंद पडली नव्हती, आणि खरी अडचण तीच होती. गाडी सुरू व्हायची, स्क्रीनवर १०० टक्के चार्ज दिसायचा, पण नवी असताना एका चार्जमध्ये २४० किलोमीटर जाणारी गाडी आता १६५ लाच दम टाकायची. सर्व्हिस सेंटरला नेली तर एसी किती वापरता, स्पीड किती असतो, असे प्रश्न सुरू झाले. एकही एरर कोड नव्हता. म्हणजे त्यांच्या लेखी बॅटरी ठणठणीत!

क्लेमची वाट बघत असताना मी थॉमस एडिसनबद्दल वाचायला लागलो. बल्बवाला एडिसन आपण शाळेत शिकलो. पण त्याने इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी बनवली, ती विकली, ती कमजोर निघाली आणि मग त्याला ती परत घ्यावी लागली, हे मला माहीतच नव्हतं. म्हणून आज तीच गोष्ट सांगतो.

रेल्वेत पेपर विकणारा मुलगा

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मिलान गावचा. शाळा फार झालीच नाही, आईनेच घरी शिकवलं. लहान वयातच तो रेल्वेत पेपर आणि गोळ्या-चॉकलेटं विकायला लागला. ऐकू कमी यायचं, ते आयुष्यभर तसंच राहिलं. पुढे तो तार ऑपरेटर झाला आणि तिथेच बॅटरी, तारा, रिले यांच्याशी त्याची गाठ पडली.

१८६९ मध्ये त्याला पहिलं पेटंट मिळालं ते मतं मोजण्याच्या यंत्राचं. यंत्र नीट चालत होतं, पण घेणारा कोणी नव्हता. त्यानंतर १८७६ ला मेन्लो पार्कची प्रयोगशाळा, १८७७ ला फोनोग्राफ, १८७९ ला बल्ब आणि १८८२ ला न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटचं वीज केंद्र. अमेरिकेत त्याच्या नावावर एकूण १,०९३ पेटंट आहेत.

पण सगळंच जमलं असं नाही. डीसी विजेचा हट्ट धरून तो एसीच्या विरोधात लढला आणि हरला. १८९० च्या दशकात लोहखनिज चुंबकाने वेगळं करण्याच्या धंद्यात त्याने प्रचंड पैसा घालवला. त्यातून बाहेर पडताना वय पन्नाशीच्या पुढे गेलेलं, आणि या टप्प्यावर तो बॅटरीकडे वळला.

तेव्हाही इलेक्ट्रिक गाड्या होत्या

१९०० साली अमेरिकेत सुमारे ४,२०० मोटारी बनल्या. त्यात पेट्रोलच्या हजारही नव्हत्या, बाकीच्या वाफेवर किंवा विजेवर चालणाऱ्या होत्या. विजेच्या गाडीला हँडल मारावं लागत नसे, धूर नाही, आवाज नाही. दुखणं एकच, बॅटरी. ती शिसं आणि गंधकाम्लाची असायची. वजन भरपूर, आणि आम्ल आतले भाग खात राहायचं.

एडिसनला आम्लच नको होतं. त्याने एका बाजूला निकेल, दुसऱ्या बाजूला लोखंड आणि मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं अल्कली द्रावण अशी रचना घेतली. स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर त्याच सुमारास याच दिशेने काम करत होता आणि दोघांमध्ये पेटंटवरून वादही झाला. त्यामुळे सगळं श्रेय एकट्या एडिसनला देणं बरोबर नाही.

१९०१ मध्ये कंपनी निघाली. बॅटरी बाजारात यायच्या आधीच एडिसनने वर्तमानपत्रांतून तिचा भरपूर गाजावाजा केला. १९०३ च्या सुमारास विक्री सुरू झाली आणि माल पोचवणाऱ्या विजेच्या गाड्यांत ती बसायला लागली.

मग तक्रारी आल्या

काही महिन्यांतच दोन दोष दिसले. पहिला म्हणजे पत्र्याच्या डब्यांचे सांधे गळायला लागले. हा दोष डोळ्यांना दिसतो, त्यामुळे त्यावर वाद होत नाही.

दुसरा दोष माझ्या गाडीसारखा होता. बॅटरी चार्ज व्हायची, चालायची, पण काही सेलची क्षमता गुपचूप कमी होत होती. कारण आत होतं. निकेलच्या संयुगातून वीज नीट वाहत नाही, म्हणून त्यात ग्राफाइटची पूड मिसळलेली होती. वापरता वापरता ग्राफाइटचा संपर्क तुटत जायचा. मग निकेलचा काही भाग डब्यात असूनही कामाला येईना.

एडिसनसमोर दोन रस्ते होते. गिऱ्हाइकाच्या वापरावर बोट ठेवून विक्री चालू ठेवायची, नाहीतर मान्य करायचं. ऑर्डर हातात असताना त्याने कारखाना थांबवला आणि दोषी बॅटऱ्या परत घेतल्या. इतका गाजावाजा करून झाल्यावर हे किती अवघड गेलं असेल, विचार करा.

पुन्हा पहिल्यापासून

पुढची चार-पाच वर्षं हजारो प्रयोगांत गेली. ग्राफाइट काढून त्याने निकेलच्याच अतिपातळ पापुद्र्यांचा वापर केला. हे पापुद्रे बनवायची युक्ती भारी होती. फिरत्या ड्रमवर तांबं आणि निकेल यांचे आलटून पालटून थर चढवायचे आणि नंतर तांबं विरघळवून टाकायचं. हे पापुद्रे आणि निकेलचं संयुग थरावर थर देत भोकं पाडलेल्या पोलादी नळ्यांत ठासून भरायचे. द्रावणात थोडं लिथियम हायड्रॉक्साइडही घातलं, त्याने क्षमता जास्त टिकली.

१९०९-१० च्या सुमारास सुधारलेली बॅटरी आली, तेव्हा एडिसन साठीच्या पुढे होता. ही बॅटरी धक्के सोसायची, पूर्ण उतरली तरी खराब होत नसे आणि वर्षानुवर्षं चालायची. पण महाग होती, थंडीत ढेपाळायची आणि एका सेलचा व्होल्टेज जेमतेम १.२ होता.

तोवर रस्ता बदलला होता. १९०८ ला फोर्डची स्वस्त मॉडेल टी आली, १९१२ ला कॅडिलॅकमध्ये इलेक्ट्रिक स्टार्टर आला आणि हँडल मारायचा त्रास गेला. गंमत म्हणजे हेन्री फोर्ड एडिसनचा जवळचा मित्र. १९१४ मध्ये दोघांची स्वस्त इलेक्ट्रिक कार येणार अशी चर्चा होती, ती कधी बाजारात आलीच नाही. १९१६ मध्ये एका अमेरिकन पाणबुडीत याच बॅटरीतून निघालेल्या हायड्रोजनचा स्फोट होऊन माणसं दगावली, तो डागही लागला. तरी रेल्वे सिग्नल, खाणकामगारांचे दिवे, मालवाहू गाड्या यांत ही बॅटरी टिकली आणि एडिसनला चांगला पैसा देऊन गेली. १८ ऑक्टोबर १९३१ ला तो वारला. ज्या गाडीसाठी एवढा खटाटोप केला, ती तोवर रस्त्यावरून जवळपास गायब झाली होती.

माझ्या क्लेमचं काय झालं?

एडिसनच्या गोष्टीतून मला एक कळलं. मेलेली बॅटरी सिद्ध करावी लागत नाही, कमजोर बॅटरी करावी लागते. स्क्रीनवरचा १०० टक्के म्हणजे आज जेवढी क्षमता उरली आहे त्याच्या १०० टक्के. डबा लहान झाला तरी तो भरलेलाच दिसणार!

मग मी दोन महिने वही ठेवली. दर वेळी २० वरून १०० टक्क्यांपर्यंत चार्ज करायचं आणि मीटरवरचे युनिट लिहायचे. माझी बॅटरी ३० युनिटची. नवी असताना एवढ्या चार्जिंगला, वाया जाणारी वीज धरून, साधारण २७ युनिट लागायचे. आता १८ वर काम भागत होतं. वॉरंटीच्या कागदात ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर आणि क्षमता ७० टक्क्यांच्या खाली, अशी अट होती. वही दाखवून मी लेखी तक्रार दिली आणि क्षमता तपासणीचा रिपोर्ट लेखी मागितला. तपासणीत ६८ टक्के आले. पूर्ण बॅटरी नाही बदलली, कमजोर निघालेले मॉड्यूल बदलून दिले. रेंज परत २२५ च्या आसपास आली.

तुमच्या कागदातली अट वेगळी असू शकते, काही वॉरंटीत क्षमतेचा आकडाच नसतो. म्हणून आजच तो कागद काढून वाचा. बदललेल्या भागाची वॉरंटी मूळ मुदतीपुरतीच आहे का, तेही बघा. आणि गाडी नवी असेल तर पहिल्या महिन्यातलेच युनिट लिहून ठेवा. माझ्याकडे २७ हा आकडा होता तो एका जुन्या वीजबिलामागे खरडलेला, तो सापडला नसता तर मी अजून एसीबद्दलच भांडत बसलो असतो.